नाडी काय सांगते?

रोग्याला दवाखान्यात नेले, म्हणजे औषधाचा विचार होण्यापूर्वी चार गोष्टी पाहिल्या जातात. मनगटावर बोटे ठेवून नाडीचे ठोके मोजतात. छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते, याकडे लक्ष देतात. दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब घेतात. आणि थर्मामीटर लावून अंगातील उष्णता पाहतात. आपल्याकडील वैद्यही अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे टेकवून प्रकृतीचा अंदाज घेत आले आहेत. नाडी, श्वास, रक्तदाब आणि उष्णता ही सजीव देहाची मूलभूत लक्षणे होत. ती ठीक आहेत तोवर वैद्याच्या मनाला धीर असतो. त्यांत बिघाड दिसला, की त्याच्या कपाळाला आठी पडते.

परंतु ही सर्व तपासणी माणूस निजलेला किंवा बसलेला असताना होते, आणि स्वस्थ बसलेले शरीर आपली अर्धीच हकीकत सांगते. शेतकरी बाजारात बैल घेताना त्याच्या अंगावरून नुसता हात फिरवीत नाही; त्याला चालवून पाहतो, जमल्यास औताला जुंपूनही पाहतो. गोठ्यात उभ्या असलेल्या बैलाची कांती दिसते, ताकद दिसत नाही. माणसाच्या देहाचेही तसेच आहे. श्रम करताना या चार लक्षणांत काय फरक पडतो, आणि श्रम थांबल्यावर ती पूर्वस्थितीवर केव्हा येतात, हे पाहिले म्हणजे उरलेली अर्धी हकीकत कळते.

विद्यार्थिमित्रांनो, हे वाचून पटण्यापेक्षा स्वतः करून पाहिलेले बरे. त्यासाठी एक सेकंदकाट्याचे घड्याळ पुरे. डाव्या हाताचा तळवा वर करा. मनगटापाशी, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची तर्जनी व मध्यमा हलकेच टेकवा. अंगठ्याने नाडी पाहू नये. अंगठ्यातच एक ठसठशीत नाडी असते आणि दुसऱ्याची म्हणून आपण आपलीच मोजून मोकळे होतो. पाच मिनिटे शांत बसल्यावर अर्धा मिनिट ठोके मोजा आणि त्यांची दुप्पट करा. तुमच्या वयाच्या मुलामुलींत हा आकडा साधारणपणे ७० ते १०० च्या दरम्यान येतो. आता उठून एका दमात तीस बैठका काढा आणि लगेच पुन्हा नाडी धरा. या वेळी मात्र पंधराच सेकंद मोजून चौपट करावी, कारण श्रम थांबताच ठोके झपाट्याने उतरू लागतात आणि पुरे मिनिटभर मोजीत बसलो, तर जे मोजावयाचे तेच निसटून जाते. समजा, आधी ८० ठोके होते आणि आता १४० झाले. मग एक मिनिटाने, दोन मिनिटांनी, तीन मिनिटांनी पुन्हा मोजा आणि सर्व आकडे वहीत एकाखाली एक लिहा.

कवायतीच्या तासाला मी हा प्रयोग वर्गाकडून अनेक वर्षे करून घेत असे, आणि दर वर्षी कोणी ना कोणी तोच प्रश्न विचारी : "सर, छाती इतकी धडधडते, हे वाईट तर नाही ना?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोठमोठ्यांनी त्याचे चुकीचे उत्तर दिलेले आहे. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांसाठी ८०० मीटर धावण्याची शर्यत प्रथमच ठेवण्यात आली. जर्मनीच्या लीना राडके यांनी ती २ मिनिटे १६.८ सेकंदांत जिंकून विश्वविक्रम केला. शर्यत संपल्यावर काही धावपटू धापा टाकीत मैदानावर आडव्या झाल्या. जीव तोडून धावल्यावर पुरुषही तसेच आडवे होतात. पण स्त्रियांची ती धाप पाहून वृत्तपत्रांनी काहूर उठविले, तिखटमीठ लावून वर्णने छापली, आणि इतकी लांब शर्यत स्त्रीदेहाला सोसणारी नाही असे ठरवून ती बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू होण्यास १९६० सालचे रोम उजाडावे लागले. धडधडणारी छाती आणि फुललेला श्वास यांचा अर्थ न कळल्यामुळे मुलींच्या पिढ्यान्‌पिढ्यांना मैदानाबाहेर बसावे लागले. पुढे २०१६ साली रिओ येथे सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावली आणि जगात दहावी आली. तो आकडा त्या १९२८ च्या निवाड्याशेजारी ठेवून पाहावा.

तेव्हा, छाती धडधडते ती का?

आपले स्नायू म्हणजे एक कारखाना आहे, असे समजा. स्वस्थ बसलेले असताना त्याचे बहुतेक विभाग बंद असतात. धावू लागताच मांड्या, पोटऱ्या, पाठ, दंड असे सगळे विभाग एकदम सुरू होतात. त्यांना साखर आणि प्राणवायू हवा असतो. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता तेथून हलविणेही तितकेच निकडीचे असते. ही सारी ने-आण एकट्या रक्ताला करावयाची. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते, आणि विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटरच रक्त बाहेर ढकलते. म्हणजे मिनिटाला सगळ्या रक्ताची एक फेरी होते. जोराच्या श्रमात हेच प्रमाण वीस-पंचवीस लिटरांवर जाते. तेच पाच लिटर रक्त मिनिटाला चार-पाच फेऱ्या घालू लागते. कसलेल्या धावपटूंत तर हे प्रमाण पस्तीस लिटरांच्याही वर गेलेले आढळले आहे.

रक्त असे फिरते, हेच मुळात माणसाला फार उशिरा कळले. लंडनचे वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील एक युक्तिवाद निव्वळ गणिताचा आहे. एका ठोक्याला हृदय थोडेसेच रक्त बाहेर टाकते असे धरले, तरी अर्ध्या तासातील ठोक्यांनी त्याला गुणल्यावर जे रक्त होते, ते साऱ्या शरीरात असलेल्या रक्ताहून अधिक भरते. इतके रक्त दर अर्ध्या तासाला नव्याने तयार होणे शक्य नाही. अर्थात तेच रक्त पुन्हा पुन्हा हृदयाकडे परत येत असले पाहिजे. सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या दिसण्यापूर्वीच केवळ गुणाकाराच्या बळावर हार्वे या निष्कर्षाप्रत पोचले. गणिताच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

परंतु नुसत्या फेऱ्या वाढवून भागत नाही. रक्त कोठे न्यावयाचे, याचीही वाटणी बदलावी लागते. उन्हाळी पिकाला पाटाचे पाणी देताना शेतकरी कसे दारे धरतो, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. एका वाफ्याचे तोंड मातीने बुजवावे, दुसऱ्याचे फावड्याने उघडावे; पाणी तेच, पण जेथे तहान अधिक तेथे ते वळते. शरीरातही बारीक धमन्यांची तोंडे अशीच आवळतात आणि सैल होतात. विश्रांतीत स्नायूंच्या वाट्याला रक्ताचा सुमारे पाचवा हिस्साच येतो; जोराच्या श्रमात पाचांपैकी चार हिस्से स्नायूंकडे वळतात, आणि जठर, आतडी व मूत्रपिंडे यांना तेवढ्यापुरते थोडक्यात भागवावे लागते. भरल्या पोटी धावू लागले की पोटात का दुखते, मळमळते का, याचे पुष्कळसे उत्तर येथे सापडते. पाट एक आणि दोन वाफे एकाच वेळी ओरडत आहेत! मेंदूचा हिस्सा मात्र या सगळ्या उलथापालथीत फारसा कमी होत नाही.

आता एक गंमत पाहा. शर्यतीच्या रेषेवर उभ्या असलेल्या मुलाची नाडी शिट्टी वाजण्यापूर्वीच वाढलेली असते. अद्याप एक पाऊलही पडलेले नाही. मग स्नायूंची मागणी हृदयाला कळली कशी? कोपनहेगन येथील ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी १९१३ साली याच विषयाचा छडा लावला. श्रमाला आरंभ होताच, स्नायूंकडून काही निरोप येण्याइतका अवधीही गेलेला नसताना, नाडी आणि श्वास एकदम उचल खातात, असे त्यांना दिसून आले. त्यावरून त्यांनी अनुमान काढले, की मेंदू स्नायूंना "चला" असा हुकूम सोडतो, त्याच क्षणी हृदयाला आणि फुप्फुसांनाही वर्दी देतो. घरी पाहुणे येणार असल्याचा निरोप स्वयंपाकघरात आधी पोचावा, तसे हे आहे. हृदयावर मेंदूचा एक लगाम नेहमी खेचलेला असतो. तो प्रथम सैल होतो आणि नाडी उसळते. श्रम वाढले म्हणजे मग टाच मारणारे दुसरे मज्जातंतू आणि ॲड्रेनॅलीन नावाचा रस हे कामाला लागतात. परीक्षेच्या दालनात प्रश्नपत्रिका हाती पडताना होणारी धडधड हीही याच जातीची. फरक एवढाच, की तेथे धावावयाचे नसते, आणि तयार झालेल्या सैन्याला लढाईच मिळत नाही.

श्वासाची कथा नाडीपेक्षा निराळी नाही, पण तिच्यात एक गैरसमज दडलेला आहे. विश्रांतीच्या वेळी मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. धावताना श्वासांची संख्या चाळीस-पन्नासांवर जाते, प्रत्येक श्वास खोल होतो, आणि मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेणारी फुप्फुसे शंभर लिटरांहून अधिक हवा घेऊ लागतात. लोहाराचा भाता आणि धापा टाकणारी छाती यांची तुलना आपल्या भाषेत जुनीच आहे. सर्वांना वाटते, की रक्तातील प्राणवायू कमी पडला म्हणून धाप लागते. पण निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायू साध्या श्रमात जवळजवळ कमी होत नाही. श्वासाची दोरी मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हाती असते. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी १९०५ साली हे दाखवून दिले, की या वायूचे प्रमाण किंचित जरी वाढले, तरी मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र तत्काळ श्वास वाढविते. भाता जोरात चालतो तो धूर बाहेर घालविण्यासाठीही चालतो, असे म्हटले तर चालेल.

श्रमात रक्तातील प्राणवायू टिकून राहतो, या साध्या गोष्टीने महाराष्ट्रात मोठेच काम केले आहे. २०२१ साली करोनाच्या साथीची दुसरी लाट आली, तेव्हा काही रोगी बोलत-बसत असत, त्यांना विशेष त्रास जाणवत नसे, आणि तरीही त्यांची फुप्फुसे आतून निकामी होत चाललेली असत. बसल्या जागी बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा बरा दिसे. राज्याच्या आरोग्य विभागाने त्या वेळी सहा मिनिटे चालण्याची चाचणी घरोघरी करण्यास सुचविले. प्रथम प्राणवायूचा आकडा पाहावयाचा. मग घरातल्या घरात, सपाट जमिनीवर, सहा मिनिटे चालावयाचे. आणि पुन्हा आकडा पाहावयाचा. निरोगी माणसात तो जागचा हलत नाही. ज्याचा आकडा ९३ च्या खाली जाई किंवा तीनपेक्षा अधिक अंकांनी घसरे, त्याने रुग्णालय गाठावे, असे सांगितले होते. जे शरीर बसल्या जागी लपवीत होते, ते त्याला सहा मिनिटांच्या चालण्यात कबूल करावे लागे. तुम्ही त्या वेळी लहान होता. घरातील वडील माणसांना विचारा, त्यांपैकी कित्येकांनी त्या दिवसांत हातात घड्याळ घेऊन घरातल्या घरात फेऱ्या मारलेल्या आहेत.

रक्तदाबाविषयी थोडक्यात सांगतो. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने एका घोडीच्या धमनीला काचेची उंच नळी जोडली, तेव्हा रक्त नळीत आठ फुटांहून अधिक उंच चढले. हा प्रयोग त्याने १७३३ साली छापून प्रसिद्ध केला. माणसावर असला प्रयोग करणे अर्थातच शक्य नव्हते. १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधावयाचा फुगणारा पट्टा तयार केला, आणि १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून ठोके ऐकण्याची रीत सांगितली. तेव्हापासून १२० आणि ८० हे दोन आकडे घराघरांत पोचले. पहिला आकडा हृदय आकुंचन पावते त्या क्षणाचा, दुसरा ते सैल पडते त्या क्षणाचा. धावताना किंवा पोहताना पहिला आकडा १८० ते २०० पर्यंत चढतो. दुसरा मात्र जवळपास तेथेच राहतो, कारण स्नायूंतील हजारो वाटा उघडलेल्या असतात. याच्या उलट, श्वास कोंडून एखादा जड दगड उचलला, म्हणजे आवळलेले स्नायू त्या वाटा दाबून धरतात आणि दोन्ही आकडे एकदम उसळी मारतात. म्हणून तालमीतील जाणते वस्ताद वजन उचलताना श्वास सोडावयास सांगतात, ते योग्यच आहे. आसनांच्या वेळी रक्तदाबाचे काय होते, हा प्रश्न आपल्याकडेही प्रयोगाने तपासला गेला : स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि सर्वांगासनासारख्या आसनांत रक्तदाब प्रत्यक्ष मोजून ते आकडे 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले. जे परंपरेने चालत आले, ते मापून पाहण्यास त्यांना संकोच वाटला नाही.

चौथे लक्षण उष्णता. हे सर्वांत मंदगतीने बदलते. आणि बिघडले, तर सर्वांत घातक तेच ठरते.

स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा सुमारे चौथा हिस्साच हालचालीच्या कामी येतो. बाकीच्या साऱ्याची उष्णता होते. धावणारा माणूस ही एक चालती शेगडीच होय. ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असलेली अंगातील उष्णता श्रमात ३८, ३९ अंशांपर्यंत चढते आणि तेथे ती रोखून धरावी लागते. हे काम घाम करतो. मातीच्या माठातून पाणी पाझरते, पृष्ठभागावरून उडून जाते आणि जाताना आतील उष्णता घेऊन जाते; घामाचीही रीत तीच. एक लिटर घाम अंगावरून पूर्णपणे उडून गेला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. पण तो उडाला पाहिजे. नुसता ओघळून जमिनीवर पडलेला घाम काही कामाचा नाही. पावसाळ्यात माठातील पाणी गार होत नाही, तसेच कोकणच्या दमट हवेत अंग घामाने निथळते पण निवत नाही. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात घाम इतका भराभर उडतो, की तो आला हे कळतच नाही, आणि मग पाणी पिण्याचे भान राहत नाही. दोन्ही ठिकाणचे धोके वेगळे, परंतु परिणाम एकच.

पोलीस भरतीसाठी तरुणांना १६०० मीटर आणि तरुणींना ८०० मीटर धावावे लागते. पुष्कळ उमेदवार पहाटेपासून महिनोन्‌महिने सराव करतात. पण काहीजण सारा सराव अखेरच्या आठवड्यात उरकू पाहतात, प्रवासाने थकलेले असतात, उपाशी असतात, आणि भर उन्हात जिवाच्या आकांताने धावतात. अशा चाचण्यांत तरुण कोसळल्याच्या वार्ता आपण वर्तमानपत्रांत वाचतो, तेव्हा त्या घरातील मंडळींवर काय प्रसंग ओढवला असेल, याची कल्पनाही करवत नाही. म्हणून हे नीट ध्यानात ठेवा : धावणारा झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, त्याला आपण कोठे आहोत हे उमजेना, तर अंगावर घाम असला तरी तो उष्माघात असू शकतो. त्या वेळी "अजून थोडेच राहिले" असे म्हणून त्याला हुरूप देऊ नये. त्याला सावलीत निजवावे, अंगावरील कपडे सैल करावेत, भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. या कामी मिनिटामिनिटाला मोल असते.

आता तुमच्या वहीतील आकड्यांकडे पुन्हा वळू. १४० हा आकडा मोठा की लहान, याची चर्चा मुले फार करतात. मनगटी यंत्रघड्याळांनी तर या चर्चेला ऊतच आणला आहे. वय २२० मधून वजा केले, म्हणजे नाडीची सर्वोच्च मर्यादा येते, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. त्याप्रमाणे तुमच्या वयाला नाडी श्रमात २०० च्या जवळ जाऊ शकते. पण नाडी किती चढली, यापेक्षा ती किती लवकर उतरली, हा आकडा माझ्या मते अधिक बोलका आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९४३ च्या सुमारास सैनिकांची क्षमता पाहण्यासाठी एक चाचणी बसविण्यात आली. वीस इंच उंचीच्या चौरंगावर मिनिटाला तीस वेळा, पाच मिनिटे, चढ-उतर करावयाची; आणि मोजावयाचे काय, तर त्यानंतर बसून राहिल्यावर नाडी कशी उतरते ते! चढतानाची नाडी तिच्या हिशेबात धरलेलीच नाही.

या उतरणीला किती महत्त्व आहे, हे आपल्याच मातीतील एका मल्लाच्या कथेवरून दिसते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदकाचे मानकरी झाले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेथे एक दीर्घ कुस्ती संपते न संपते, तोच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी झुंजावयास बोलावण्यात आले, असे सांगतात. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो दाखवून भांडावयास भारताचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबा थकल्या अंगाने उतरले आणि ती कुस्ती हरले. नाडी जागेवर येण्यास, स्नायूंत साचलेले निचरून जाण्यास आणि अंगातील ताप उतरण्यास जो अर्धा तास लागतो, त्याची किंमत त्या दिवशी एका पदकाच्या रंगाएवढी होती.

नियमित व्यायामाने ही उतरण वेगवान होते, आणि आणखी एक आश्चर्य घडते : विश्रांतीच्या वेळची नाडी मंद होते. १८९९ साली स्वीडनमधील हेन्शेन या वैद्याने बर्फावरून घसरत लांबच्या शर्यती करणाऱ्या खेळाडूंच्या छातीवर बोटांनी ठोकून, आवाजावरून हृदयाचा आकार अजमावला, तेव्हा त्याला त्यांची हृदये सामान्यांहून मोठी आढळली. ही वाढ रोगाची नसून कसदारपणाची आहे, असे त्याने मानले. गणित सोपे आहे. साधे हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलते; ७० ठोक्यांत जवळपास पाच लिटर झाले. कसलेले हृदय एका ठोक्याला १०० मिलिलिटर ढकलीत असेल, तर तेवढेच काम ते ५० ठोक्यांत उरकते आणि दोन ठोक्यांच्या मधे अधिक विसावते.

याचा लाभ केवळ खेळाडूंनाच होतो, असे नाही. लंडनमध्ये जेरी मॉरिस या वैद्याने दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना करून १९५३ साली ती प्रसिद्ध केली. गाडी एकच, रस्ता एकच, पगारही साधारण सारखाच. पण चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देत शेकडो पायऱ्या चढ-उतर करी. वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा बरेच कमी आढळले. मॉरिस स्वतः पुढे ९९ वर्षे जगले.

श्रम किती करावेत, याचे माप घड्याळावाचूनही घेता येते. सुश्रुतसंहितेत व्यायाम आपल्या अर्ध्या बळापर्यंतच करावा असे सांगून, अर्धे बळ संपल्याची खूणही दिली आहे : श्वास तोंडावाटे येऊ लागला, की ती मर्यादा आली असे समजावे. आजचे वैद्य हीच गोष्ट जराशी फिरवून सांगतात. धावताना सोबत्याशी बोलता येते पण गाता येत नाही, तोवर श्रम मध्यम. दोन शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागला, की ते कठोर झाले. शर्यतीची तयारी करणाऱ्याला ही मर्यादा अधूनमधून ओलांडावी लागेल. नवशिक्याने तसे करू नये. आणि धावून झाल्यावर एकदम उभे राहू नका, चार-पाच मिनिटे चाला. पोटऱ्यांचे स्नायू आवळताना पायांतील रक्त वर हृदयाकडे पिळून पाठवीत असतात. ते एकाएकी थांबले, तर रक्त पायांतच साचते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. छातीत दुखले, धावता धावता शुद्ध हरपली किंवा नाडी वेडीवाकडी पडू लागली, तर मात्र ही नेहमीची धडधड नव्हे. लाज न धरता घरी सांगावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

वहीत एक रकाना सकाळच्या नाडीसाठीही ठेवा. अंथरुणातून उठण्यापूर्वी, पडल्या पडल्या, ठोके मोजावेत. महिनाभरात तुमचा स्वतःचा आकडा तुम्हांला कळेल, आणि तो शेजाऱ्याच्या आकड्यापेक्षा निराळा असेल. एखाद्या सकाळी हा आकडा कारणावाचून दहा-बाराने वाढलेला दिसला, तर कपाळाला हात लावून पाहा. अंगात ज्वर भरू लागला, की उष्णतेच्या प्रत्येक अंशामागे नाडी सुमारे दहा ठोक्यांनी वाढते. व्यायामाने चढलेली उष्णता शरीर खाली आणू पाहत असते. ज्वरात मात्र मेंदूनेच तिची पातळी वर नेऊन ठेवलेली असते. त्या सकाळी मैदानावर न जाता शिक्षकांना तसे सांगावे आणि वहीत त्या तारखेपुढे कारण लिहून ठेवावे.